धूलकोटच्या वाटेवरचा मनुक्यांचा रस

आमच्या ख्रिस्ती मंडळीत कोणी साक्ष द्यायला उभं राहिलं, की मी हळूच घड्याळ बघायची. खोटं कशाला बोलू? कुणाला स्वप्नात प्रभू दिसलेला असायचा, कुणाच्या कानात त्याचा आवाज आलेला असायचा, आणि मी मागच्या बाकावर बसून म्हणायची, मग माझ्याशीच ह्याचं काय वाकडं आहे? लहानपणापासून ह्याच्या दारात आहे मी. मागच्या पावसाळ्यानंतर तर माझी प्रार्थना अगदी कोरडी पडली होती. माझ्या यजमानांची शुगर गोळ्यांना जुमानेना, म्हणून डॉक्टरांनी इन्सुलिन सुरू केलं. मी उपास धरले, रडले, घरी प्रार्थना-सभा ठेवली, पण शुगर आपली जिथल्या तिथे. शेवटी एक दिवस गॅससमोर उभ्या उभ्याच मी प्रभूला म्हटलं, "तू ऐकतोस तरी का रे?" उत्तर काही आलं नाही. कुकरची शिट्टी तेवढी झाली.

आम्ही बुऱ्हाणपुरात राहतो. यजमान शाळेत मास्तर होते, आता रिटायर आहेत आणि मंडळीचं काम बघतात. महिन्यातल्या एका रविवारी आम्ही दोघं स्कूटीवरून धूलकोटला जातो. तिथे थोडी ख्रिस्ती घरं आहेत, पाळकही तिथलेच आहेत, पण प्रभुभोजनाची, म्हणजे येशूच्या आठवणीत सगळ्यांनी घ्यायच्या पावाची नि रसाची, तयारी पहिल्यापासून आमच्या घरून जाते. सासूबाई करायच्या, त्यांच्यानंतर मी करते. शनिवारी काळे मनुके भिजत घालायचे, उकळायचे, कुस्करून पातळ फडक्यातून गाळायचे, आंबट लागू नये म्हणून साखर घालायची आणि गार झालं की काचेच्या बाटलीत भरायचं. पाव बेकरीतून आणायचा. त्या रसाला घरात कोणी बोट लावायचं नाही, हा सासूबाईंचा दंडक. मुलं लहान असताना एकदा धाकट्याने चमचा चाटला, तर त्याला अशी चापट बसली की अजून आठवण काढतो. मी स्वतः कधी थेंब चाखला नाही. ती बाटली भरली, की माझ्या लेखी तो रस उरतच नाही, तो प्रभूचा प्याला होतो.

जसा माझा दंडक, तसा यजमानांचाही एक. त्यांच्या वडिलांनी घालून दिलेला. प्रभुभोजनाच्या दिवशी मेजावरचा घास तोंडात पडेपर्यंत दुसरं काही खायचं नाही, चहासुद्धा नाही. आयुष्यभर त्यांनी हे पाळलं. गोळ्या चालू होत्या तोवर निभावलं. मी सांगतेय तो इन्सुलिन सुरू झाल्यानंतरचा धूलकोटचा पहिलाच रविवार होता. डॉक्टरांनी बजावलेलं, सुईची वेळ चुकवायची नाही. मास्तर माणूस, सांगितलेलं तंतोतंत करणार. सकाळी सुई घेतली आणि खाल्लं मात्र काही नाही. मी समजले आज सुई राहू दिली असेल, त्यांना वाटलं उपासना कितीशी लांब, तिथे घास मिळेलच. डॉक्टरांचं ऐकलं, वडिलांचंही ऐकलं, आणि दोघांच्या मध्ये आपण सापडलो हे त्यांच्या लक्षातच आलं नाही. त्यात गावाबाहेर पडताना मागचं चाक पंक्चर. पंक्चरवाल्याचं दुकान उघडेपर्यंत आम्ही ओट्यावर बसून राहिलो. मी चिडचिड करत होते, हे गप्प होते. ते गप्पच असतात, म्हणून मला काही वेगळं वाटलं नाही.

केळीची शेतं मागे पडून सागाची झाडं लागली, तेव्हा स्कूटी रस्त्याच्या कडेला ओढायला लागली. मी म्हटलं, अहो, नीट चालवा. उत्तर नाही. पुन्हा म्हटलं, तर म्हणाले, घंटा झाली का? मी विचारलं, कसली घंटा? तर एकदम खेकसले, की वर्गात बोलायचं नाही. लग्न झाल्यापासून ह्या माणसाने माझ्यावर आवाज चढवलेला नाही. मागून हात घालून मी ब्रेक दाबला. स्कूटी कशीबशी थांबली आणि हे उतरता उतरता माझ्याच अंगावर कलंडले. शर्ट घामाने चिंब, आणि अंग मात्र गारठलेलं. डोळे उघडे होते, पण मला बघत नव्हते.

इन्सुलिन दिल्यावर काय होऊ शकतं ते मला डॉक्टरांनी चांगलं दोनदा समजावलं होतं. शुगर खाली गेली, आता गोड पाहिजे, आत्ताच्या आत्ता. मी अंगठ्याने त्यांचं तोंड पुसत विचारलं, सकाळी सुई घेतली होती का? तर मान हलल्यासारखी झाली. मी डिकी उघडली. गोळ्या-चॉकलेटची डबी तिथेच असते, पण पंक्चर काढताना सगळं सामान बाहेर काढलं आणि डबी पंक्चरवाल्याच्या ओट्यावरच राहिली. पर्स उलटी केली. रुमाल, किल्ल्या, वेलदोड्याच्या चार दाण्यांची पुडी. फोनला रेंज नाही. आजूबाजूला घर नाही, टपरी नाही. मी ओरडून प्रार्थना करत होते की नुसतीच ओरडत होते, मला आता सांगता येणार नाही. येशू, येशू, एवढंच येत होतं तोंडातून.

एक जीप आली. मी रस्त्याच्या मध्ये जाऊन हात केले. ती हळू झाली, आतल्यांनी यजमानांकडे पाहिलं. ते रस्त्यावर बसून काहीतरी पुटपुटत होते, तोंडातून लाळ येत होती. आतून कोणीतरी हिंदीत म्हणालं, सकाळी सकाळी चढवलीय, आणि जीप निघून गेली. ज्या माणसाने जन्मात दारूला हात लावला नाही, त्याला म्हणाले. मला राग यायलाही सवड नव्हती. त्यांचे डोळे मिटायला लागले होते. मी गालावर मारत होते, बोला माझ्याशी, बोला, म्हणत होते.

मग एक मोटरसायकल आली. मागे ठिबकच्या काळ्या नळ्यांची वेटोळी बांधलेली, गाडीवर तिशीतला एक माणूस, कपाळाला टिळा, गळ्यात भगवा गमछा. खरं ते सांगते, त्याला बघून मी आणखी घाबरले. आमच्यासारख्यांना हल्ली प्रार्थनेला जाताना कोणी वाटेत थांबवून पिशवीत काय आहे असं विचारलं, की आम्ही पिशवी पाठीमागे सरकवतो. पिशवीत वाईट काही नसतं, पण समजावत कोण बसणार? त्याने गाडी आडवी लावली, नळ्यांसकट स्टँडवर टाकली आणि थेट ह्यांच्यापाशी उकिडवा बसला. मला विचारलं, काकू, काय झालं? मी म्हटलं, शुगर उतरली, गोड काही आहे का तुमच्याकडे? त्याने खिसे चाचपले. तंबाखूची पुडी निघाली, दुसरं काही नाही. पाण्याची बाटली होती, ती त्याने ह्यांच्या तोंडावर शिंपडली. मग त्याची नजर स्कूटीच्या हुकाला लटकलेल्या माझ्या पिशवीकडे गेली. पांढऱ्या फडक्यात गुंडाळलेल्या बाटलीचं तोंड वर आलं होतं.

"त्याच्यात काय आहे?"

इकडे माणूस दारुड्यासारखा लोळतोय, तिकडे पिशवीत दारूसारखी काळपट लाल बाटली. ह्याला काय वाटेल? आणि त्याहून मोठं म्हणजे, तो रस आहे, गोड आहे, मीच काल त्यात साखर घातली आहे, हे माझ्या डोक्यात तोवर एकदाही आलं नव्हतं. अख्खी पर्स मी उपसली, पण त्या पिशवीला हात लावला नाही. आत्ताही माझ्या तोंडून निघालं, ते नको, ते प्यायचं नाही. त्याने विचारलं, औषध आहे का? मी म्हटलं, नाही, मनुक्यांचा रस आहे, पण देवासाठी काढलाय.

त्याने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. एखाद्या लेकराने भलतंच काही बोलावं आणि आपण बघावं, तसं.

"मग काकू, देव नाही म्हणेल का?"

मी बाटलीचं झाकण दातांनी काढलं. त्याने ह्यांचं डोकं मांडीवर घेतलं, गमछा मानेखाली सारला. मी आधी बोटाने रस हिरड्यांना आणि गालाच्या आत चोळला, म्हणजे ठसका लागायला नको. काही झालं नाही. पुन्हा चोळला. मग त्यांच्या घशाची गाठ हलली, गिळलं. मी झाकणात ओतून थोडं थोडं ओठांना लावत राहिले, आणि तो माणूस त्यांचे तळहात चोळत राहिला. निम्म्याहून जास्त बाटली संपली, तरी डोळे उघडेनात. तेव्हा मी प्रभूला जे म्हटलं ते प्रार्थना-सभेत म्हणता येण्यासारखं नाही. मी म्हटलं, तुझ्याच वाट्याचं पाजतेय बघ, आता तूच बघून घे. भांडण नव्हतं ते. माझे हात टेकले होते. माझ्याकडे दुसरं काही उरलंच नव्हतं.

जरा वेळाने ह्यांनी कपाळाला आठ्या घातल्या. मग माझं नाव घेतलं. मग म्हणाले, मी रस्त्यात का झोपलोय? मला इतकं रडू आलं, की तो परका माणूसच मला म्हणाला, काकू, रडू नका, आता काही खायला द्या. खायला काय, तर पाव. मेजाचा पाव. ह्या वेळी कोणाला मला विचारावं लागलं नाही. मी तो मोडला आणि एकेक तुकडा त्यांच्या तोंडात दिला. ते चावत होते आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. काय खातोय ते त्यांना कळलं होतं. एक तुकडा मी त्या माणसापुढे धरला. त्याने विचारलं, प्रसाद आहे ना? मी हो म्हटलं. त्याने दोन्ही हात पुढे करून घेतला, कपाळाला लावला आणि खाल्ला.

स्कूटी मग मी चालवली. तो म्हणाला, तुम्ही हळू चला, मी मागे आहे. धूलकोटची पहिली घरं दिसेपर्यंत त्याची मोटरसायकल माझ्या आरशात होती. तिथे मी थांबले, म्हटलं, भाऊ, चला, दोन घटका बसा, चहा घ्या. तो म्हणाला, मी जसोंडीचा, इकडे बहिणीच्या शेतात नळ्या टाकायच्या आहेत, लाईट आहे तोवर पाणी सोडलं पाहिजे. गमछ्यावर लाल डाग पडला होता. मी म्हटलं, द्या, धुऊन देते. हसला फक्त आणि गाडी वळवली. नाव विचारायचं राहिलं. पुढे आम्ही जसोंडीला जाऊन चौकशी केली, पण टिळा, गमछा आणि ठिबकच्या नळ्या एवढ्या खुणेवर तिथे माणूस शोधणं म्हणजे अर्ध्या गावाला हाक मारण्यासारखं आहे. लोकांनी आम्हालाच चहा पाजून परत पाठवलं.

धूलकोटच्या दवाखान्यातल्या नर्सबाईंनी शुगर तपासली, ह्यांना चांगलं फैलावर घेतलं, आणि तासाभर समोर बसवून ठेवून मग सोडलं. उपासना आमच्यासाठी थांबली होती. मी पाळकांना बाजूला घेऊन सगळं सांगितलं. बाटलीच्या तळाशी घोटभर रस होता, पाव संपला होता. मला वाटलं आता पाळक म्हणतील, आज प्रभुभोजन नाही. पण त्यांनी शेजारच्या घरातून मक्याची भाकर आणायला सांगितली, रसात तांब्याभर पाणी ओतलं आणि प्रार्थना केली. तो प्याला इतका फिका झाला होता, की त्यातून पितळेचा तळ दिसत होता. सगळ्यांनी घेतला. फिरत फिरत तो ह्यांच्यापाशी आला. आयुष्यभर ज्यासाठी उपाशी राहायचे, त्या प्याल्याकडे ह्यांनी बघितलं आणि हात जोडले.

"पाळकसाहेब, माझं झालं," ते म्हणाले. "मला आज रस्त्यातच वाढलं त्याने."

पाळकांनी मान हलवली आणि प्याला माझ्याकडे केला. मला घ्यायची लाज वाटत होती. ज्याच्यासाठी मी इतकी वर्षं ती बाटली जपून नेत होते, तो वाटेत उन्हात उभा राहून तेच मागत होता, आणि मी त्याला म्हटलं होतं, ते प्यायचं नाही. तरी मी प्याला घेतला. आता यजमान सुईनंतर पोटभर खाऊन मगच धूलकोटला निघतात, आणि त्यांच्या वडिलांना ते आवडलं असतं, असं स्वतःच म्हणतात. मला अजून स्वप्न पडत नाही, कानात आवाज येत नाही. पण प्रभू माझ्याशी बोलत नाही, असं मी आता म्हणत नाही. तो बोलला आहे, मला काकू म्हणून हाक मारून बोलला आहे. माझे घरधनी त्याने मला परत दिले. त्याचे उपकार मी कसे फेडू? फक्त एवढंच मागते, की पुढच्या वेळी तो माझ्या पिशवीकडे बोट दाखवील, तेव्हा त्याला दुसऱ्यांदा विचारावं लागू नये.