पंखाचं टोक

काल नातवाने अंगणात मोटारसायकलमध्ये पेट्रोल ओतलं. थोडं वाळल्या गवतावर सांडलं, आणि त्या वासाने मला थेट मोताळ्याकडच्या सपाट माळावर नेऊन उभं केलं.

मी आणि वत्सला तेव्हा कॉलेजात होतो. माळावर उडायला शिकवणारे सर बिनइंजिनाचं ग्लायडर दोराने छोट्या विमानामागे बांधत. विमान धावू लागलं की ग्लायडर कलू नये म्हणून कुणीतरी त्याच्या पंखाचं टोक धरून सोबत पळायचं. आधी वत्सला उडणार, मी पंख धरणार. मग मी उडणार आणि ती धरणार, असं आमचं ठरलं होतं. माझ्या घरी यातलं काही ठाऊक नव्हतं. ते फक्त तिलाच माहीत होतं.

मी धुळीत जीव तोडून पळाले. पंख हातात हलका हलका होत गेला आणि बोटांतून निसटला. कपाशीच्या शेतांवरून ती वळली, तेव्हा मी खाली वेड्यासारख्या टाळ्या पिटत होते.

ती उतरली. मी आत बसून पट्टे बांधले, तोच ती सरांना म्हणाली, "सर, हिच्या घरी माहीत नाही. हिनं बाबांले विचारलंच नाही."

सरांनी मला उतरवलं.

"काऊन सांगितलं वं?"

"मले तुयी काळजी वाटली."

आज वाटतं, खरंच वाटलीही असेल. पण एवढी काळजी होती, तर ती तिचं उडून होईपर्यंत थांबली कशी?