उबीवोव्क, मुक्काम कोल्हापूर

अण्णा गेल्याचं मला एका डिजिटल बोर्डानं सांगितलं. गारगोटीला लेकीकडं चार दिवस राहून परत येत होतो. रिक्षा राजारामपुरीत वळली आणि कोपऱ्यावरच्या विजेच्या खांबाला बांधलेला बोर्ड दिसला. 'भावपूर्ण श्रद्धांजली. कै. अण्णासाहेब देसाई.' खाली तीसचाळीस शोकाकुल तोंडं, त्यातली निम्मी गॉगल लावलेली. म्हटलं, असतील कुणी देसाई. रिक्षा थोडी पुढं गेली आणि मी मान वळवून परत बघितलं... ते नाक, ते बाहेर आलेले कान. रिक्षा सोडून मागं चालत आलो. नाक अण्णांचंच होतं. डोक्यावर फेटा होता, जो त्यांनी जन्मात बांधला नव्हता. आणि डोळे काळे होते. ज्या माणसाचे राखाडी डोळे बघून गल्लीतली पोरं त्याला मांजऱ्या म्हणायची, त्याचे डोळे कुठल्यातरी स्टुडिओत कॉम्प्युटरवर काळे करून घेतले होते. मला तिथं उभ्या उभ्या शिसारी आली. दीड महिना झाला, ती उतरलेली नाही. म्हणून लिहायला बसलोय. गोड गोड आठवणी वाचायच्या असतील तर पुरवणीचं पान उलटा.

अण्णा देसाई नव्हते. त्यांचं नाव स्टेपान उबीवोव्क. कोल्हापूरजवळ वळिवड्याला दुसऱ्या महायुद्धाच्या काळात पोलंडच्या निर्वासितांची छावणी होती, हे इथल्या जुन्या माणसांना सांगावं लागत नाही. त्या छावणीत एक बाई दोन-अडीच वर्षांचं पोर कडेवर घेऊन उतरली, ती अण्णांची आई मारिया. पोलंडच्या लोकांत आली असली तरी ती बोलायची युक्रेनी. तिचं गाव तेव्हा पोलंडमध्ये होतं, आज युक्रेनमध्ये आहे. त्या गावातनं एका सकाळी रशियाच्या शिपायांनी नवऱ्याला नेलं, पुढं बायकोला आणि पोराला मालगाडीत घालून सैबेरियात टाकलं, आणि तिथनं इराणमार्गे ही दोघं आमच्या पंचगंगेच्या काठी. छावणी उठली तेव्हा बाकीचे इंग्लंडला गेले, आफ्रिकेत गेले. ही बाई मिशनच्या दवाखान्यात नर्स होऊन इथंच राहिली. नवरा शोधत आला तर दोन ठिकाणी कुठं शोधेल, असं म्हणायची म्हणे. तो आला नाही. अण्णांकडं बापाचा फोटो नव्हता, कपड्याची चिंधी नव्हती. बापाकडनं आलेलं एकच होतं... आडनाव.

आमची ओळख झाली ती रशिया फुटली त्या वर्षी. राजारामपुरीत माझा टायपिंगचा क्लास होता. दारात एक उंच, तांबूस गोरा, साठीकडं झुकलेला दिसणारा पण पन्नाशीचाच माणूस येऊन उभा राहिला, हातभर लाकडाचा भुसा चिकटलेला. मी आपला इंग्रजीत काय पाहिजे म्हणून विचारलं. तो म्हणाला, "मास्तर, मराठीत बोला की. मी उद्यमनगरातला हाय." पेपरात युक्रेन वेगळा देश झाल्याचं आलं होतं आणि त्यांना तिथल्या सरकारला इंग्रजीत पत्र टाईप करून हवं होतं. मजकूर एवढाच, की आमच्या आडनावाची माणसं कुणी शिल्लक असतील तर कळवा. अण्णा पॅटर्नमेकर होते. पंपाची बॉडी असो, उसाच्या चरकाचं चाक असो, फौंड्रीत लोखंड ओतायच्या आधी त्याचा हुबेहूब लाकडी नमुना करावा लागतो, तो पॅटर्न. लोखंड निवलं की आक्रसतं, म्हणून पॅटर्न नेहमी जरासा मोठा ठेवायचा. त्यावर कारखान्याचं नाव उठावदार अक्षरांत कोरायचं. उभ्या आयुष्यात अण्णांनी ढीगभर मालकांची नावं लोखंडात उमटवली. त्यांचं स्वतःचं मात्र फक्त घराच्या दारावर होतं. बिडाची, म्हणजे ओतीव लोखंडाची पाटी, चार स्क्रूंनी बसवलेली, देवनागरीत 'उबीवोव्क'.

पत्रांचा नाद मग दहा-बारा वर्षं चालला. पहिलं उत्तर दीड वर्षानं आलं, त्या बाजूच्या खेड्यातल्या एका म्हाताऱ्या शाळामास्तराचं. त्याचं इंग्रजी माझ्यापेक्षा वाईट, पण माणूस चिवट. त्यानं लिहिलं, की या नावाची माणसं मुळात एकाच गावात आणि त्याच्या शेजारच्या वाडीत होती. नावाचा अर्थ, लांडगा मार. कसं पडलं हे नक्की कुणी सांगू शकत नाही, पण तिकडं जुन्या काळी लढवय्यांच्या तळात नवा माणूस आला की त्याचं मागचं नाव बाहेर ठेवून सोबतीच त्याला नवं नाव द्यायचे, आणि ते थट्टेचंही असायचं, एखाद्यानं लांडगा मारला म्हणूनही आणि लांडगा बघून पळाला म्हणूनही. अण्णा पोट धरून हसले. मग गंभीर होऊन म्हणाले, म्हणजे नाव राजानं दिलं नाही, मालकानं दिलं नाही, बरोबरच्या माणसांनी दिलं. ही गोष्ट त्यांना फार आवडली.

माझ्या क्लासच्या भिंतीवर त्यांनी जगाचा नकाशा लावला आणि जिथं जिथं उबीवोव्क सापडेल तिथं पितळी चूक, म्हणजे बारीक खिळा, ठोकायची असं ठरवलं. मूळ गावात आता एकच घर उरलं होतं. काही घरं सैबेरियाकडं आणि कझाकस्तानात नेऊन टाकलेली, ती तिकडंच रुजली. काहीजण शंभर वर्षांपूर्वीच जमिनीच्या आशेनं कॅनडात गेले होते, तिथल्या गव्हाच्या मुलखात दोन गावं मिळाली. एक फांदी ब्राझीलमध्ये निघाली. नेट कॅफे आले तेव्हा आम्ही दोघं म्हातारे कॉलेजच्या पोरांत बसून कॅनडाची टेलिफोनची यादी चाळायचो. ब्राझीलच्या एका बाईनं फोटो पाठवला. पोर्तुगीज बोलणारी, शेतात उभी, आणि कान असे बाहेर आलेले. अण्णा तो फोटो आठवडाभर खिशात घालून फिरले, उद्यमनगरात चहाच्या गाड्यावर प्रत्येकाला दाखवला, "बघा, आमची पावणी." कोल्हापूरवर त्यांनी सगळ्यात आधी चूक ठोकली होती. ती हिंदुस्थानातली एकुलती एक.

आता माझं सांगतो, नाहीतर हा लेख खोटा पडेल. मी वाघमारे. मुरगूडचा. आज्यानं छप्पन सालानंतर घरातले देव नदीत सोडले आणि भिंतीवर बुद्धाचा फोटो लावला, त्या घरचा. पण राजारामपुरीत क्लाससाठी जागा बघत फिरलो तेव्हा तीन मालकांनी चहा दिला, गाव विचारलं, मग आडनाव विचारलं, आणि जागा कालच दिली म्हणाले. चौथ्याला मी 'मुरगूडकर' सांगितलं. त्यानं किल्ली दिली. तेव्हापासनं क्लासच्या बोर्डावर मुरगूडकर, पुढं फ्लॅट घेतला तर दारावर मुरगूडकर. खोटं काही नव्हतं हो, मुरगूडचा तर होतोच... असं मी वीस वर्षं स्वतःला सांगत आलो. आपल्याकडं आडनाव विचारतात ते हाक मारायला नव्हे. माणूस कुठं बसवायचा, पाणी कुठल्या तांब्यातनं द्यायचं, ते ठरवायला. त्या प्रश्नाची मला इतकी किळस, की उत्तरच बदलून टाकलं.

अण्णांना हे चार-पाच वर्षं ठाऊक नव्हतं. एक दिवस माझा थोरला भाऊ मुरगूडहून आला आणि दारातनंच थट्टेनं विचारलं, "वाघमारे मास्तर हाईत काय?" अण्णा नकाशापुढं उभे होते. त्यांनी भावाकडं बघितलं, बोर्डाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. भाऊ गेल्यावर मी सगळं सांगितलं, तीन मालकांसकट. मला वाटलं, हा माणूस तरी समजून घेईल.

"मी इथं जगभर चुका ठोकत बसलोय," ते म्हणाले, "आणि तू तुझी उपटून खिशात घातलीस व्हय?"

मला राग आला. तुम्हाला काय होतंय म्हणायला, मी म्हणालो, तुमच्या नावाला इथं कुणी नाक मुरडत नाही, कारण ते कुणाला कळतच नाही. ते खरं होतं, आणि अण्णा चप्पल घालून चालते झाले. महिनाभर क्लासला फिरकले नाहीत. मग एका दुपारी आले आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेलं जड काहीतरी टेबलावर ठेवलं. कागद जरा फाडून बघितलं, तर बिडाची पाटी, 'वाघमारे'. लांडगा आणि वाघ, आपण दोघं एकाच धंद्यातले, म्हणाले. मी पाटी तशीच गुंडाळून घरी नेली आणि कॉटखाली सरकवली. त्यानंतर अण्णा घरी आले की आधी दाराकडं बघायचे. एकदाही विचारलं नाही. दहा वर्षं नुसतं बघत राहिले आणि चहा पिऊन गेले.

त्यांचा एकुलता एक मुलगा विजय. त्याचा प्लॉटचा धंदा, आणि पुढं नगरसेवक व्हायचे डोहाळे. आमच्याकडं निवडणूक म्हटलं की आधी आडनाव लागतं, माणूस मागनं. विजयनं गॅझेटमध्ये नाव बदलून देसाई करून घेतलं. आईकडनं नाही, आजोळकडनं नाही, कुठूनच नाही. देसाई कुठंही खपतं, कुठल्या जातीत बसवायचं ते ज्यानं त्यानं आपल्या सोयीनं बसवावं, म्हणून. गिऱ्हाईक बघून माल. मी अण्णांना विचारलं, तुम्ही काही बोलला नाहीत? ते रंधा मारत होते, तो थांबवला नाही. म्हणाले, "माझ्या बापाचं नाव शिपायांनी पुसाय बघितलं, जमलं न्हाय. आता नातवानं पुसलं." नकाशावरची कोल्हापूरची चूक काढू का, असंही मी मूर्खासारखं विचारलं. म्हणाले, "मी हाय तवर हाय की." ही आमची शेवटची नीट भेट. नंतर धाप लागायला लागली, घराबाहेर पडणं बंद झालं, आणि मी गारगोटीला गेलो त्या चार दिवसांत आटोपलं सगळं.

बोर्ड बघून मी तडक त्यांच्या घरी गेलो. दारावर पाटी नव्हती. चार भोकं होती, आणि पाटीच्या मापाचा रंग न उडालेला चौकोन. आत विजय, चार कार्यकर्ते, चहा चाललेला. मी विचारलं, पाटी कुठं आहे. भंगारात गेली म्हणाला, जुन्या सामानाबरोबर, पॅटर्नसकट. आणि थडग्यावरच्या दगडाचं काय? तिथंही देसाईच कोरायला दिलंय. मग माझा तोल गेला. ख्रिस्ती माणसाला कैलासवासी केलंस, फेटा बांधलास, डोळे काळे केलेस, आता मातीतही बापाला दुसऱ्याच्या नावानं झोपवणार, थू तुझ्या जिंदगानीवर, असं मी चार लोकांत बोललो. विजय चिडला नाही. कप खाली ठेवला आणि शांतपणे म्हणाला, "काका, आधी तुमच्या दारावर काय हाय ते सांगा की."

कार्यकर्ते हसले. मी उठलो. 

दुसऱ्या दिवशी भंगारवाल्याकडं गेलो. बीड कालच फौंड्रीला गेलं म्हणाला. म्हणजे वितळलं. ते नाव आता कुणाच्या तरी पंपात असेल, वर दुसऱ्याच कुणाचं नाव घेऊन. घरी आलो आणि कॉटवर बसून राहिलो. विजयची किळस येत होती, बोर्डावरच्या गॉगलवाल्यांची येत होती, पण ती फिरून फिरून माझ्याच अंगावर येत होती. त्या पोरानं एकदा गॅझेटमध्ये छापून जगासमोर केलं, मी तेच वीस वर्षं लपून केलं. आणि माझ्यापुढं तर पाटी देऊन दर भेटीला दाराकडं बघणारा माणूस होता. त्याला मी चहा पाजून परत पाठवत होतो.

वाकून कॉटखालनं पाटी ओढली. वर्तमानपत्र पिवळं पडून चिकटलं होतं, ते पहिल्यांदाच पुरतं सोलून काढलं. गंज काढायला पाटी उलटी केली, तर मागं काहीतरी हाताला लागलं. पंपाच्या बॉडीवर जिथं कारखान्याचं नाव असतं तशी बारीक उठावदार अक्षरं. 'उबीवोव्क, कोल्हापूर.' ज्याला आयुष्यभर कुठल्या मालकानं आपलं नाव घालू दिलं नाही, त्यानं ते माझ्या नावाच्या पाठीवर ओतलं होतं... आणि मी दहा वर्षं उलटून बघितलं नव्हतं. मी म्हातारा माणूस, कॉटवर बसून हमसून हमसून रडलो.

मग ड्रिल मागवायला थांबलो नाही. 'मुरगूडकर'चं प्लास्टिक उपटलं आणि हातानंच सुताराचा सामता फिरवून भोकं पाडली. तिसरा स्क्रू आवळत होतो तेव्हा वरच्या मजल्यावरचे पेन्शनर जिन्यात थबकले. वीस वर्षांचे शेजारी, रोज सकाळी माझा पेपर वाचून मगच स्वतःचा उघडणारे. चष्मा वर करून त्यांनी पाटी वाचली आणि विचारलं, "वाघमारे कोण? भाडेकरू ठेवला काय?"

"न्हाय," मी म्हणालो, "मीच."

ते चष्मा खाली करून वर गेले. मी चौथा स्क्रू बसवला. त्या दिवसापासनं माझा पेपर सकाळी माझ्याच हातात येतो, कोरा, न वाचलेला.