त्यांना सगळं ऐकू येत होतं

त्या दिवसांत नृसिंहाचं नाव माझ्या ओठावर येई, पण मनात उतरत नसे. आमचं गाव नरसिंहपूरच्या जवळचं. सासरी आल्यापासून दर शनिवारी मी देवळाच्या पायरीवर डोकं टेकवत आले होते. आणि नव्वद सालानंतरच्या एका उन्हाळ्यात, भरदुपारी जनावरांसाठी कडवळाचा चारा कापताना ह्यांना नाग चावला. एवढी सेवा केली ती कशासाठी, असं मी देवाला मनातल्या मनात विचारत होते. उत्तर येईल असं वाटतही नव्हतं.

इंदापूरला पोहोचेपर्यंत ह्यांच्या पापण्या जड झाल्या, बोलणं अडखळू लागलं. तिथल्या डॉक्टरांनी विषावरचं औषध सुरू करून आम्हाला बारामतीला पाठवलं. बारामतीच्या दवाखान्यात अतिदक्षता विभागात ह्यांच्या घशात नळी घालून श्वासाचं मशीन जोडलं. डॉक्टरीणबाईंनी मला बरंच काही सांगितलं असावं, पण माझ्या डोक्यात शिरला तो 'मशीन' एवढाच शब्द. हे निपचित पडले होते. छाती तेवढी वरखाली होत होती, तीही मशीनच्या तालावर.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या थोरल्या दिरांना, आबांना, भेटायला आत सोडलं. आबांनी ह्यांना लहानपणापासून पोटच्या पोरासारखं वाढवलेलं. खाटेशी उभे राहून ते रडत म्हणाले, "ह्येच्यात आता काय ऱ्हायलं न्हाय. नुसता वारा भरत्यात. माझ्या भावाचे असं हाल नगंत. घरी नेऊ, आपल्या मातीत." त्यांनी गावातली जीप बोलावून घेतली. ती येऊन दारात उभी राहिली. मी 'हो' म्हणायची तेवढी बाकी होती.

व्हरांड्यात मी डोक्यावरचा पदर तोंडात धरून बसले होते. तेवढ्यात पेढ्यांचा पुडा घेतलेली एक बाई माझ्यासमोर थांबली. त्या रजियाभाभी, इंदापूरच्या बांगड्यांच्या दुकानवाल्या. डॉक्टरीणबाईंना पेढे द्यायला आल्या होत्या.

"कोन हाय आत, ताई?"

मी सांगितलं. त्या खालीच बसल्या. "आमच्या ह्यांनाबी नागच चावल्याला. ह्याच खोलीत असंच पडल्यालं. समदी म्हनली, गेला मानूस. आता दुकानात बसून गिऱ्हाइकाशी भांडत्यात!"

मला रडता रडता हसू फुटलं.

"डाक्टरीनबाईला इचारलं का, मशीन कशापायी लावलंय ते?"

"नाही."

"मग इचार की! चल, मी येते संगं." आणि माझा हात धरून त्या उठल्याच.

डॉक्टरीणबाई हातातलं काम थांबवून आल्या. त्यांनी आबांनाही बोलावलं आणि सावकाश, आम्हाला समजेल असं सांगितलं. "विषानं त्यांचे स्नायू लुळे पडलेत. पापणी उचलायलाही ताकद नाही, मग श्वास कसा घेतील? तेवढं काम मशीन करतंय. हृदय त्यांचं स्वतःचं चालतंय. विष उतरलं की ताकद परत येईल, अशी मला आशा आहे. पण आत्ता नळी काढली तर ते जातील."

आबा पुटपुटले, "मंग त्येला कळतंय व्हय?"

"ऐकू येत असणार. या, बोला त्यांच्याशी."

हात धुऊन आम्ही आत गेलो. बाईंनी वाकून सांगितलं, "ऐकू येत असेल तर पायाचा अंगठा हलवा." काहीच झालं नाही. मग आबा ह्यांच्या कानाशी वाकले. "बाळू, मी आबा. आरं, वाईच हलीव की रं!"

अंगठा हलला. अगदी थोडा, पण आम्ही सगळ्यांनी पाहिला.

आबा तसेच अनवाणी बाहेर धावले आणि ओरडले, "जीप माघारी न्ये! माझा भाव जित्ता हाय!" व्हरांड्यातली अनोळखी माणसंसुद्धा उठून उभी राहिली.

त्यानंतर आम्ही आळीपाळीने ह्यांच्याशी बोलत राहिलो. नळी निघाली तेव्हा घोगऱ्या आवाजात हे म्हणाले, "आबा मातीत न्यायचं म्हनला, ते ऐकलं मी. वरडायचं व्हतं, पर ओठच हलंना." आबांनी ह्यांचे पाय धरले. पुढे हे स्वतःच्या पायांनी देवळाची पायरी चढले, आणि रजियाभाभींच्या दुकानात मी हातभर हिरव्या बांगड्या भरल्या. भाभींना त्या वेळी कोणी पाठवलं, हे ठरवायला मी कधी गेले नाही. मी फक्त नमस्कार करते.

डॉक्टरीणबाईंनी मग रोज दुपारी नातेवाइकांना एकत्र बसवून सगळं समजावून सांगायची पद्धत पाडली. बाजाराच्या दिवशी मीही जाऊन बसते. आबा आले की ते अंगठा हलल्याची गोष्ट सांगतात, आणि त्यांचा आवाज रस्त्यापर्यंत जातो. सगळ्यांचंच माणूस परत येतं असं नाही. पण न कळता कोणी आपलं माणूस उचलून नेत नाही. शरण जाणं म्हणजे गप्प राहून सोसणं, असं मी समजत होते. आता वाटतं, समोर आलेला हात धरून उठणं आणि विचारणं, हीही शरणागतीच.

परवा सांगवीची एक सून आली होती. सासू मशीनवर. "आत जाऊन काय बोलू?" तिनं विचारलं.

"घरातलं बोल. म्हैस दूध किती देते, भाकरी कोण थापतं, सगळं सांग."

ती आत गेली, सासूच्या कानाशी वाकली आणि बोलू लागली. मी बाहेर उभी राहून हात जोडले.