बोंडाची दारू
परवा शेजारणीनं कोकणातून आणलेल्या सरबताच्या बाटलीचं झाकण उघडलं आणि त्या गोड-आंबूस वासानं मला समुद्रकाठच्या गावातली ती भट्टी आठवली. तिथे दारू कशी गाळतात ते दाखवायला सहलीवाल्यांनी आम्हाला नेलं होतं. चिऱ्याची शेड, डोळ्यांत जाणारा धूर आणि खड्ड्यात तुडवलेला पिवळा लगदा. मारेगावकडचं आमचं वावर सोडून पहिल्यांदाच एवढ्या लांब आलेली माझी आई समुद्र नि मासे बघून गप्पच झाली होती. भट्टीवाल्या बाई म्हणाल्या, "यंदा अवकाळी पावसानं बोंडं कुजली," आणि आईला कंठ फुटला. "आमची बी सडली ना बाई! अन् वेचाले माणूस भेटत नाई." "आमच्याकडे तरी कुठे मिळतात?" दोघी जुन्या मैत्रिणींसारख्या हळहळल्या. मग बाईंनी लगद्याकडे बोट केलं. "उरली ती तुडवली. याचीच दारू होते." आईनं लगद्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "मंग कापूस कुठी गेला?" आता बाईच गोंधळल्या. काजूलाही बोंड असतं हे मलाही तेव्हा कुठे ठाऊक होतं! तेवढ्यात गाडीचा हॉर्न वाजला. घरी आल्यावर आईनं वावरातल्या कापसाच्या पऱ्हाटीवर राहिलेलं एक हिरवं बोंड फोडून जिभेला लावलं, थुंकली आणि म्हणाली, "पण ते बाई खोटं कायले बोलन?" आता मला सगळं समजतं. तरी परवा त्या काजूबोंडाच्या सरबताचा ग्लास तोंडाला लावण्याआधी मी तो उजेडात धरला आणि आत कापसाचा तंतू दिसतो का ते पाहिलं.