खालच्या घरातला टीव्ही

आखातातल्या खाबुऱ्याच्या किनाऱ्यालगतच्या एका गल्लीत प्रेमा आणि तानाजी वरच्या मजल्यावर राहायचे. खाली घरमालकीण कुबरा, एकटीच. तानाजी एसी-फ्रिज दुरुस्तीच्या दुकानात कामाला, प्रेमा घरी बायकांचे कपडे शिवायची. संगमेश्वराकडच्या खेड्यातून लग्न होऊन ती थेट इथे आली, तेव्हा अरबी सोडाच, तिला हिंदीही धड येत नव्हती. तिला बोलतं केलं कुबराने. म्हातारीचं लहानपण मत्रह बंदरात, भारतीय व्यापाऱ्यांच्या बाजारात गेलेलं, त्यामुळे हिंदी तिच्या जिभेवरच. प्रेमा तिला खाला, म्हणजे मावशी, म्हणायची आणि दुपारी शिवण घेऊन तिच्याकडे बसायची. टीव्हीवर अरबी बातम्या लागलेल्या असायच्या आणि कुबरा मध्येच विचारायची, "अब ये क्या बोला, बता."

पुढे खाऱ्या वाऱ्याने कुबराच्या टीव्हीची डिश गंजून खाली आली. मुलगा शरीफ मत्रहला नोकरीला. "बघतो" म्हणाला आणि विसरला. मग प्रेमाने नवऱ्याच्या मागे लकडा लावला. तानाजीने गच्चीवर साधा अँटेना उभा केला, त्याची वायर आपल्या घरातल्या एका छोट्या डब्याला जोडली आणि डबा वायफायला. वर आणि खाली, दोन्ही टीव्हींवर चॅनल दिसायला लागलं. बाहेरचं नेट गेलं तरी घरातल्या घरात ते चालायचं. एक टीव्ही चालू असला की डब्यावर एक हिरवा दिवा, दोन असले की दोन.

"दुसरा दिवा म्हणजे तुझी खाला," तानाजी हसून म्हणायचा.

वादळ येणार म्हणून सांगितलं गेलं, त्या दिवशी सकाळपासून समुद्राचा रंग गढूळ चहासारखा झाला होता. कोळ्यांनी होड्या ओढत पार रस्त्यावर आणून ठेवल्या. गल्लीतल्या माणसांना शाळेत हलवायला बस आली. कुबरा दारात उभी राहून प्रेमाला म्हणाली, "मैं नहीं जा रही बस में. शरीफ आ रहा है लेने." थोड्या वेळाने एक पांढरी गाडी गल्लीत थांबून गेलेली प्रेमाने खिडकीतून पाहिली, आणि तिचा जीव भांड्यात पडला.

तानाजी दुकानातलं सामान वर चढवून परतला, तोवर त्याची वाट बघणाऱ्या प्रेमालाही न घेता बस गेली होती आणि रस्ता पाण्याखाली. "वरच्या मजल्यावर आहोत, काय होत नाही," तो म्हणाला. पण तो सारखा खिडकीपाशी जात होता.

दुपारी फोन गेले, नेट गेलं. अँटेनावर टीव्ही तेवढा चालू होता. वारा अँटेनाला हलवायचा, चित्राचे चौकोन चौकोन व्हायचे आणि निवेदकाचा आवाज तुटत तुटत यायचा. एरवी कोरडी ठणठणीत असणारी वादी, म्हणजे नदी, डोंगराकडून भरून वाहत येत होती, असं तो सांगत होता. शेवटी तानाजीने टीव्ही बंद केला.

"नको ते. ऐकून ऐकून डोकं फिरतंय."

घरात वाऱ्याचा आवाज तेवढा उरला. प्रेमाची नजर डब्याकडे गेली.

"अहो, टीव्ही बंद केलात ना?"

"केला की."

"मग हा दिवा कसला?"

तानाजीने वाकून डब्याकडे पाहिलं.

"चालू ठेवून गेली असेल," तानाजी म्हणाला.

"खाला? ती नमाजाला उठली तरी टीव्ही बंद करते."

जिना बाहेरून होता. दार उघडलं तर खालच्या पायऱ्या दिसेनात, त्यांच्या जागी तपकिरी पाणी फिरत होतं. "पाण्यात करंट असेल," तानाजी म्हणाला. "आधी जिन्यातला मेन स्विच पाडतो. तू इथून हलायचं नाही."

तो उतरला. प्रेमा डब्यासमोर उभी राहिली. आणि दिवा विझला. पंखा थांबला, फ्रिजची घरघर थांबली. मेन त्याने पाडला, की पाण्यातल्या विजेनेच त्याला धरलं? तिने हाक मारली. वाऱ्याने ती तोंडातच परत कोंबली. मग ती थांबली नाही, धावत जिना उतरली.

तानाजी गुडघाभर पाण्यात कुबराच्या दाराला खांदा लावून ढकलत होता. त्याला उभा बघून तीही दाराला भिडली. दोघांच्या धक्क्याने दार उघडलं. कुबरा पाय वर घेऊन पलंगावर बसलेली, हातात रिमोट, डोळे काळ्या पडद्यावर.

"लाइट क्यों काटी?" एवढंच ती म्हणाली.

ती येईना. प्रेमाने कमरेला विळखा घातला, तर तिने प्रेमाच्या हातावर रिमोट हाणला. तानाजीने तिला उचललीच. जिन्यावर तिने प्रेमाच्या कानाशी तोंड नेलं. "तुझे किसने बुलाया था?"

ते वर पोचतात न पोचतात तोच मागची कंपाउंडची भिंत पडली. वादीचं पाणी कुबराच्या घरात शिरलं आणि तिचा पलंग दारातून बाहेर काढून घेऊन गेलं.

रस्ते मोकळे झाल्यावर शरीफ आला. आईने त्याला त्या सकाळीच फोनवर सांगितलं होतं, शेजाऱ्यांबरोबर बसने शाळेत जाते, तू येऊ नकोस. एकाला एक आणि दुसऱ्याला दुसरं सांगून ती मागे राहिली होती, हे तेव्हा कुठे सगळ्यांना कळलं. ती पांढरी गाडी कुणाची होती ते कुणालाच ठाऊक नव्हतं. शरीफचे डोळे भरले. "अम्मी ने आपसे कुछ बोला?" त्याने विचारलं.

"डर गई थी, बस," प्रेमा म्हणाली. जिन्यावरचं वाक्य तिने नवऱ्यालाही सांगितलं नाही.

शरीफने आईला मत्रहला नेलं. पण हिवाळ्यात कुबरा हट्टाने परतली. शरीफने भिंती पुन्हा रंगवून दिल्या. प्रेमा पुन्हा शिवण घेऊन तिच्याकडे बसू लागली. त्या दिवसाबद्दल एकदाच तिने विचारलं. कुबरा म्हणाली, "वहाँ दिन भर सब मेरे सामने से आते-जाते थे. बैठता कोई नहीं था." हे मत्रहबद्दल होतं, वादळाबद्दल नव्हे. प्रेमाने पुन्हा विचारलं नाही.

यंदा समुद्र पुन्हा तसाच गढूळ झाला. तानाजी भाड्याची गाडी दारात घेऊन आला. कुबरा पलंगावरून हलली नाही. "तुम लोग जाओ. शरीफ आ रहा है."

प्रेमाने पिशवी खाली ठेवली आणि फरशीवर मांडी घातली. "आने दो. मैं भी यहीं बैठती हूँ."

बाहेर तानाजीने हॉर्न दिला. पुन्हा दिला. वाऱ्याने खिडकीची काच थरथरली. प्रेमा उठली नाही. कुबराने तिच्याकडे रागाने पाहिलं. मग पुटपुटत पलंगावरून उतरली आणि चपला शोधू लागली.