चंद्राक्कानं थांबवलेला माग

बोरगावला भाचीचं लग्न होतं, म्हणून मी चार दिवस आधीच गेलेले. पंगत बसली होती, वाढपी बुंदी घेऊन पळत होते, आणि शेजारी बसलेली शहापूरची बाई सहज म्हणाली, "तुमच्या गल्लीतली सांधणीवाली चंद्राक्का परवा गेली की! न्हाय कळलं तुम्हाला?" माझा घास हातातच राहिला... त्या लग्नाला आता महिना होऊन गेला. मी काही लिहिणारी बाई नव्हे. चौथीपर्यंतची शाळा, पुढचं सगळं पुड्यांचे कागद वाचून शिकलेली. पण ही गोष्ट सांगितल्याशिवाय मला चैन पडायची नाही.

माझं माहेर निपाणी. लग्नाआधी मी बिड्या वळायचे, आणि माझ्या हाताचा झपाटा असा की शेजारणी माझ्याजवळ बसायला नको म्हणायच्या. लग्न होऊन बेळगावात, शहापुरात आले ती थेट यंत्रमागाच्या घरात. सोप्यात दोन माग, आणि गल्लीत घरोघरी तेच. पहाटेपासून खडखड, खडखड! कानाशी ओरडलं तरी ऐकू यायचं नाही, म्हणून सगळे नुसते ओठ हलवून बोलायचे. 'चहा', 'दार', 'तुटला'... तुटला म्हणजे मागावरचा धागा, आणि तो तर दिवसातून शंभरदा. मीसुद्धा महिन्याभरात ओठ वाचायला शिकले. माग पळायचा म्हणून आम्ही पळायचो, जेवणसुद्धा उभ्याउभ्या.

एक ताणा, म्हणजे मागावरचे उभे धागे, संपला की नवा जोडायचा. जुन्या ताण्याच्या एकेका टोकाला नव्याचा एकेक धागा पिळून लावायचा, बोटांना चिमूटभर राख लावून. हजारावर धागे! यालाच सांधणी म्हणतात, आणि त्यासाठी चंद्राक्का यायची. ठेंगणी, सावळी, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. आल्या आल्या कामाला हात लावायची नाही. आधी पाय धुणार, मग टेकून बसून चहा पिणार, तोही बशीत ओतून, फुंकून. एकदा मी म्हटलं, "आक्का, पटकन घ्या की, मामंजी बघायलेत." तर म्हणाली, "बघू दे की. मी काय पळून चाललोय व्हय? चहा पिताना चहाच प्यावा गं." मला मनात राग यायचा. म्हातारी लाड करून घेते, असं वाटायचं.

पंचाहत्तर सालच्या आसपासची गोष्ट. माझी सुमी साडेचार वर्षांची झाली तरी तोंडातून आवाज नाही. डॉक्टरांनी कान तपासले, ऐकू येतंय म्हणाले. माहेरी नेली तर तिथंही गप्प. गल्ली तिला 'मुकी' म्हणायला लागली. शेवटी मामंजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, ठरवलं: पुढच्या सोमवारी तिला परगावच्या मुक्या मुलांच्या शाळेत नेऊन ठेवायचं. मी तिचे झगे पिशवीत भरत होते आणि रडत होते.

त्याच आठवड्यात सांधणी निघाली. चंद्राक्का मागापाशी बसली, सुमी तिच्या शेजारी. दुपारी मला खुणेनं जवळ बोलावून ओठांनीच म्हणाली, "गं सुमीची आई, पोरगी बोलतीया की! नुसता आवाज घालत न्हाय."

मी थक्क! सुमीचे ओठ हलायचे, ते मलाही दिसायचं. पण आमच्या घरात सगळ्यांचेच हलत होते! ती 'पाणी' म्हणून ओठ हलवायची आणि मी घाईघाईनं तांब्या पुढं करायचे. बोलणं म्हणजे ओठ हलवणं, एवढंच ती पोर आमच्याकडून शिकली होती.

चंद्राक्का उठली, मामंजींकडं गेली. "अण्णा, दुसरा माग पण बंद करा. त्याच्या हादऱ्यानं बोटं थरथरायलीत." मामंजी चिडले, पण सांधणी अडली तर काय करणार? दोन्ही माग थांबले. मग तिनं दीड दिवसाचं काम चार दिवसांवर नेलं. सुमी काही सांगायला आली की ही मान वर करायचीच नाही. नजर धाग्यावर. सुमी पदर ओढायची, हिच्या तोंडासमोर ओठ हलवायची... ही आपली धागा पिळतेय. मी पुढं झाले की दटावायची, "तू गप बस. तुझी घाई तिच्या तोंडात कोंबू नगस."

चौथ्या दिवशी मामंजी दारात येऊन म्हणाले, "चंद्राक्का, आजच्या आज उरकत नसंल तर दुसरी बाई बघतो."

"बघा की अण्णा," ती शांतपणे म्हणाली, आणि लावलेला एक धागा तिनं बोटानं टचकन तोडला. मी बघितलं, मुद्दाम तोडला! सुमीनं ओठ हलवले, 'तुटला'. आक्का बघेना. पुन्हा ओठ हलवले. आक्का पुढच्या धाग्याकडं वळली. सुमीनं पाय आपटला, आणि अशी किंचाळली...

"तुटलाऽऽऽ!"

अहो, घोगरा, फाटका, पण आवाज! मामंजी उंबरा ओलांडून आत आले. मी हसत होते की रडत होते, देव जाणे. चंद्राक्कानं तेव्हा कुठं मान वर केली. "व्हय गं बाई," ती सुमीला म्हणाली, "तुटला खरा. ये, जोडूया."

सोमवार आला आणि गेला. भरलेली पिशवी मी उलटी करून झटकली. मामंजींनी नियमच घातला, रोज दुपारी तासभर दोन्ही माग बंद. गल्लीनं वेड्यात काढलं. काढू दे!

आता सुमी कॉलेजात जाते आणि तोंड मिटत नाही तिचं. मामंजींना मात्र उभ्या जन्माच्या खडखडाटानं आता काही म्हणजे काही ऐकू येत नाही. माग चालू काय, बंद काय, त्यांना सारखंच. तरी दुपार झाली की तेच काठी टेकत उठतात, बटण बंद करतात, आणि सुमीसमोर मांडी घालून तिचे ओठ बघत बसतात. आणि ती पोरगी, एरवी बोलण्यात कुणाला न आटोपणारी, त्यांच्याशी एकेक शब्द सुटा करून सावकाश बोलते.