आधी गाडी, मग भाकरी

खानावळीच्या काकूंना फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं, आणि आमचा क्लब उभा राहिला तो त्यांच्यामुळे. गोलकीपरला त्या ‘दारवाली’ म्हणायच्या. ऑफसाइड म्हणजे काय हे आमच्या सरांनी त्यांना एकदा पोळपाटावर वाट्या मांडून समजावलं होतं. सगळं शांतपणे ऐकून घेऊन काकू म्हणाल्या, “एवढं बघत बसलासा तर पोरं पळायची कवा?” सरांनी वाट्या परत रॅकवर ठेवल्या आणि पुन्हा तो विषय काढला नाही.

कळंबोलीत लोखंडाच्या बाजारामागे एक मोकळा प्लॉट आहे. मोकळा म्हणायचा एवढंच, कारण त्यावर सकाळपासून ट्रक उभे असतात. माल भरायला नंबर लागेपर्यंत ड्रायव्हर केबिनमध्ये झोपतात, कपडे वाळत घालतात आणि प्लॉटच्या कडेला पत्र्याच्या शेडमध्ये जेवतात. ती शेड काकूंची. काका बाजारात माथाडी होते. लोखंड उचलून उचलून त्यांची पाठ गेली, तेव्हा काकूंनी तवा चुलीवर ठेवला आणि काका गेल्यावरही तो उतरवला नाही. आमच्या शाळेतले खेळाचे सर तिथेच चहा प्यायचे. संध्याकाळी त्यांनी वस्तीतल्या पोरांना फुटबॉल शिकवायला सुरुवात केली ती याच प्लॉटवर, उभ्या ट्रकांच्या मधल्या बोळात. पुढे क्लबची संस्था झाली, शिक्का झाला, पण ऑफिस कायम काकूंच्या शेडमधलं कोपऱ्यातलं टेबलच राहिलं.

मी तेव्हा चौथीत होते. एकदा चेंडू ट्रकखाली गेला म्हणून मी तो आणायला सरपटत आत गेले, आणि ट्रक सुरू झाला. ड्रायव्हरला मी दिसणं शक्यच नव्हतं. काकूंना शेडमधून माझे पाय दिसले. त्या कशा धावल्या ते मला माहीत नाही. पाय धरून त्यांनी मला बाहेर ओढलं, गुडघे सोलवटले, आणि वर एक सणसणीत थोबाडीत दिली. मग मला छातीशी धरून तिथेच मातीत बसल्या. त्यांच्या अंगाला कांद्याचा वास येत होता. सर धावत आले तेव्हा त्यांना एवढंच म्हणाल्या, “मास्तर, उद्यापासनं आधी गाड्या निघतील. मग खेळ.”

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचला काकू हातात उलथनं घेऊन निघाल्या आणि एकेका केबिनच्या दारावर ठोकत सुटल्या. “ऐ भाऊ, ऊठ. गाडी काढ. पोरं खेलनेका टाइम झाला.” काकूंचं हिंदी हे असं होतं, पण ते न समजलेला ड्रायव्हर मी पाहिला नाही. कुरकुर पुष्कळ झाली. सगळ्यात मोठा आवाज यादवजींचा. हे उत्तरेकडचे, वयाने मोठे, महिन्यातून दोन-तीनदा येणारे ड्रायव्हर. ते म्हणाले, “काकू, हमारा नंबर रात को है. अभी क्यों हटाएँ?” काकूंनी वाद घातला नाही. रात्री यादवजी जेवायला बसले तेव्हा सगळ्यांच्या ताटात भाकरी पडली, त्यांच्या ताटात फक्त मीठ. “आधी गाडी, मग भाकरी,” काकू म्हणाल्या. पुढच्या खेपेला यादवजींनी पाचच्या आतच गाडी काढून सर्व्हिस रोडला लावली आणि इतरांना हात दाखवून मागे घ्यायलाही लावलं. पाच ते सात प्लॉट आमचा, हा नियम असा भाकरीवर उभा राहिला.

शेडच्या मागच्या भिंतीवर काकूंनी ओळीने खिळे ठोकले होते आणि त्यांवर बूट टांगलेले असायचे. कुणाचे लहान झालेले, कुणी दिलेले, दोन तर वेगवेगळ्या जोड्यांतले. खेळायला आलं की मापाचा बूट काढायचा, खेळून झालं की धुऊन परत टांगायचा. सुरुवातीला एक आई म्हणाली होती की हा बूट कुणाच्या घरातला ते कळल्याशिवाय माझा मुलगा पाय घालणार नाही. काकूंनी भाकरी थापता थापताच उत्तर दिलं, “बूट पायाच्या मापानं घ्यायचा. आडनावाच्या न्हाई.” आम्ही जालन्याकडचे, बौद्ध. माझे वडील त्या वेळी तिथेच चहा पीत होते. घरी आल्यावर त्यांनी ते वाक्य आईला दोनदा सांगितलं, आणि मला संध्याकाळी उशीर झाला तर ओरडणं त्या दिवसापासून बंद केलं.

सुट्टीत काही ड्रायव्हर आपली मुलं ट्रकमधून बरोबर आणायचे. ती बिचारी केबिनच्या खिडकीतून आमचा खेळ बघत बसायची. काकूंना हे खपायचं नाही. त्या मुलाला खाली उतरवायचं, बूट द्यायचे आणि कुठल्याही संघात घुसवायचं, हा त्यांचा हुकूम. सर म्हणायचे, “काकू, तो उद्या जाणार.” काकू म्हणायच्या, “म्हणून तर आज खेळू द्या.” भाषा न येणारी ती पोरं जाताना ट्रकमधून हात हलवत जायची, आणि पुढल्या सुट्टीत आधी बूट मागायची.

मी कॉलेजात गेले त्या वर्षी बातमी आली की प्लॉटवर पैसे घेऊन पार्किंग सुरू करायचा प्रस्ताव आहे. तसं झालं असतं तर ट्रक दिवसरात्र उभे राहणार आणि क्लब संपणार, इतकं ते सरळ होतं. सरांनी अर्ज केला, आणि इथे खरंच मुलं खेळतात का ते बघायला एक साहेब येणार असं ठरलं. संध्याकाळी येतील, असं सगळे धरून चालले. ड्रायव्हरांना ते कळलं. काकूंची मान उंच राहिली पाहिजे म्हणून त्यांनी भल्या सकाळीच सगळ्या गाड्या बाहेर काढल्या, माथाड्यांनी प्लॉट झाडला, पाणी मारलं. साहेब आले ते भर दुपारी. मुलं शाळेत, सर शाळेत. साहेबांना दिसला एक स्वच्छ, ओला, रिकामा प्लॉट.

“इथं तर कुणीच नाही,” ते म्हणाले. “जागा पडूनच आहे की.”

माझं कॉलेज सकाळचं, म्हणून मी शेडमध्ये होते. आमच्या भल्यासाठी केलेली साफसफाई आमच्याच मुळावर आली होती. काकूंनी तव्यावरची भाकरी उतरवली आणि जेवणाऱ्यांकडे वळल्या. “उठा. जेवण मग. आधी खेळा.”

“काकू, हमको कहाँ आता है?” यादवजींच्या तोंडात घास होता.

“मला तरी कुठं येतंय? चल.”

मी चेंडू घेतला. लुंगीतले चार ड्रायव्हर, दोन माथाडी, आणि गोलमध्ये पदर खोचून काकू. मी यादवजींकडे पास दिला. त्यांनी जीव खाऊन लाथ मारली. चेंडू जागेवर राहिला आणि चप्पल सुटून गोलकडे गेली. काकूंनी ती दोन्ही हातांनी झेलली. मला इतक्या भीतीतही हसू आवरेना. साहेब मात्र गंभीर होते. “हे लोक रोज खेळतात?”

मला वाटलं, आता हो म्हणावं. काकूंनी चप्पल खाली ठेवली. “न्हाई साहेब. खोटं कशापायी बोलू? रोज पोरं खेळत्यात. आता ती साळंत हायती. साळा बुडवून खेळायला हितं परवानगी न्हाई. पाचला या. आन् ही जागा रिकामी दिसतीया नव्हं, ती कुणी रिकामी केली ते ह्यास्नी इचारा.”

साहेबांनी यादवजींकडे पाहिलं. यादवजी एका पायात चप्पल घालून उभे होते. “साहब, गाड़ी खड़ी करने को जगह तो हमको ही चाहिए,” ते म्हणाले. “पर पाँच से सात नहीं. वो टाइम काकू का है.”

साहेब पाचला परत आले. गाडीतून उतरले नाहीत, काच खाली करून बराच वेळ बघत बसले. पार्किंगचा विषय नंतर बारगळला. प्लॉटचं मैदान वगैरे काही झालं नाही. ट्रक दिवसभर असायचे आणि काकू रोज उलथनं घेऊन निघायच्या.

पुढे काकूंचे गुडघे गेले. मुलाने त्यांना वाईजवळच्या गावी नेलं. जाताना त्यांनी खानावळ भाचीला दिली आणि उलथनं मला. “ठोकायचं ते जोरात ठोक, शीतल,” एवढंच म्हणाल्या. मी ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात नोकरी करते आणि तिथून थेट प्लॉटवर जाते; सर निवृत्त झाल्यापासून पोरांना मीच शिकवते. मी ऑफिसातून निघायच्या वेळेला काकूंचा फोन यायचाच. कशी आहेस, जेवलीस का, काही नाही. “निघाल्या का गाड्या?” मी म्हणायचे, “जातेच आहे काकू, काढते.” त्या म्हणायच्या, “काढ,” आणि फोन ठेवायच्या.

गेल्या हिवाळ्यात एकदा त्याच वेळेला त्याच नंबरवरून फोन आला. मी सवयीने म्हणाले, “जातेच आहे काकू.” पलीकडे त्यांचा मुलगा होता. “ताई, आई गेली,” तो म्हणाला. “दुपारी.”

मी ऑफिसच्या जिन्यात बसून राहिले. प्लॉटवर जायचंच नाही असं ठरवलं आणि मग गेलेच, कारण मी गेले नाही तर गाड्या कोण काढणार? पोहोचायला खूप उशीर झाला. इतक्या वर्षांत मी उशिरा गेले ती पहिलीच वेळ. प्लॉट रिकामा होता. पोरं बूट घालून खेळत होती. सर्व्हिस रोडला लावलेल्या शेवटच्या ट्रकमधून एक तरुण ड्रायव्हर खाली उतरला. मी त्याला ओळखत नव्हते आणि त्याने काकूंना कधी पाहिलं असणं शक्य नव्हतं.

“मॅडम, आज लेट?” तो म्हणाला. “काकू का टाइम तो कब का हो गया.”

त्याला अजून कुणी काही सांगितलं नव्हतं. कुणालाच नव्हतं. गाड्या आपल्या आपण निघाल्या होत्या. मी फोन बाहेर काढला. निघाल्या काकू, कुणी न ठोकता निघाल्या, हे ज्यांना सांगायचं त्या आता नव्हत्या. तिथे मला रडू कोसळलं. गोलच्या दारात उभी असलेली छोटी पोरगी खेळ सोडून माझ्याकडे बघायला लागली, आणि चेंडू तिच्या बाजूने आत गेला.

“दारवाली,” मी ओरडले, “पुढं बघ.” उलथनं पिशवीतच ठेवलं आणि शिट्टी काढली. सातला गाड्या परत यायच्या होत्या.